कोरडं फडकं

"मामा, हात नका लावू!"

एवढंच बोलले मी. पण ज्या आवाजात बोलले तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. रविवारची दुपार, भांडुपचं मामाचं घर, टीपॉयवर मी नुकतीच बुटांच्या खोक्यातून काढून ठेवलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी. सोळा-साडेसोळा सेंटिमीटरची, १:२४ प्रमाणातली, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी. मामांनी चष्मा लावला, वाकून पाहिली, आणि काही बोलायच्या आधी खांद्यावरचं फडकं काढून बॉनेटवरून फिरवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग हात काचेच्या डाव्या अंगाला गेला आणि अंगठा आणि तर्जनी तिथं काहीतरी चाचपत राहिली. त्याच क्षणी मी ओरडले. तापलेल्या तव्याला लागल्यासारखा त्यांनी हात मागं घेतला. "चुकलं पोरी," म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्याच्या कडेवर बसून मी लालबागचा बाजार पाहिला, तो मला 'चुकलं' म्हणाला. मामी चहा घेऊन आली, विषय बदलला, "लय झकास केलीस" असंही मामा दोनदा म्हणाले. पण त्यानंतर दोन्ही हात त्यांनी मांडीवर एकमेकांत गुंफून ठेवले होते, आणि मी निघेपर्यंत ते सुटले नाहीत. डोंबिवलीपर्यंत खोकं मांडीवर घेऊन आले. ठाण्याच्या पुढं लोकल रिकामी झाली तरी मी खोकं शेजारच्या बाकावर ठेवलं नाही.

ही गाडी मामांचीच होती. म्हणजे त्यांच्या गाडीची प्रतिकृती. आमच्या चाळीखालच्या गल्लीत, पिंपळाच्या पाराला लागून ती उभी असायची. दिवसाची पाळी मामांची, रात्रीची भागीदाराची. पहाटे साडेचारला भागीदार किल्ली देऊन जायचा आणि त्यानंतरचा आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो: बादलीच्या कडीचा, मग ओलं फडकं पिळल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही, कारण कोरड्या फडक्याला आवाज नसतो. मी गॅलरीच्या कठड्यावर हनुवटी टेकून बघायची. आधी टप. पिवळ्या टपाला मामा फार वेळ देत नसत, उन्हानं तो फिकटच झाला होता. खरा जीव काळ्यात. बॉनेटवर रस्त्याच्या दिव्याचं एक लांबट पिवळं प्रतिबिंब पडायचं आणि मामांचा हात त्याच्यावरून असा जायचा की जणू तेच पुसून काढायचंय. ते जात नसे, उलट उजळत जायचं. टायरला नारळाची शेंडी आणि रॉकेलचा हात. शेवटी आरशावर तोंडाची वाफ सोडून सदऱ्याच्या बाहीनं एक पुसणं. मग उदबत्ती, आणि पहिलं भाडं परळ नाक्यावर.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मात्र पॉलिश. चपटा गोल डबा, त्याचं झाकण नाण्यानं उचकटायचं, आत पिवळसर मेण आणि टर्पेंटाइनचा तो गोड, डोक्यात जाणारा वास. माझ्यासाठी नवरात्राचा वास झेंडूचा नाही, तो आहे. बोटावर मेण घेऊन मामा काळ्या पत्र्यावर वर्तुळं काढायचे, ती सुकून पांढुरकी झाली की मामीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं सुती लुगडं. त्याला शिवण नको, काठ नको. काठाची जर ओरखडा काढते, हे मला सातव्या वर्षी माहीत होतं. चाकाखाली लिंबू ठेवायची वेळ होईपर्यंत दुपार झालेली असायची आणि आम्ही पोरं दारात आपलं तोंड बघून भांग पाडायचो.

पासिंगच्या आधी गाडी रंगाला जायची. गल्लीच्या टोकाला एक पत्र्याची शेड होती, तिथले रंगारी सगळ्याला 'ड्यूको' म्हणायचे. ड्यूको मारला, ड्यूको उडाला, ड्यूकोला पाणी लागलं. हा शब्द आपल्याकडच्या प्रत्येक सुताराला आणि गॅरेजवाल्याला ठाऊक आहे, आणि तो एका अमेरिकी कंपनीच्या, ड्यूपाँटच्या, रंगाचं नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर जनरल मोटर्सनं तो पहिल्यांदा वापरला, निळ्या रंगात. त्याआधी गाडीवरची रंग-रोगणं सुकायला आठवड्यांवर आठवडे जायचे, हा मात्र द्रावक उडून गेला की तासा-दोन तासात हाताला कोरडा. फक्त एक खोट होती. फवाऱ्यातून उतरलेला लॅकर मंदच दिसतो. त्याची लकाकी घासून बाहेर काढावी लागते. म्हणून त्या शेडमध्ये फवारणारा एक आणि घासणारी चार पोरं असायची. पाण्यात बुडवून घासायचा पॉलिश पेपर, म्हणजे वॉटर पेपर, बादलीत साबणाचा तुकडा, आणि कोपरापर्यंत करडं पाणी. "रंग मारतो तो मिस्तरी, पण गाडी चमकवतो तो पोरगा," असं तिथला म्हातारा मिस्तरी स्वतः म्हणायचा. त्या पोरांची बोटांची टोकं गुळगुळीत झालेली असायची, ठसे पुसले गेल्यासारखी.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी नाही. मामांची गाडी त्याच्या कितीतरी आधी वय भरलं म्हणून गेली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली होती, कुर्ल्याच्याच भंगारात मोडली. त्या दिवशी मामा तिथं गेले नाहीत, भागीदाराला पाठवलं. पण ती बातमी वाचली तेव्हा मला वाटलं, आता ही गाडी मी करायची. छोट्या गाड्या करायच्या या छंदात मी वीस वर्षं आहे. जपानी खोक्यांतल्या जपानी, इटालियन, जर्मन गाड्या केल्या, कपाट भरलं, आणि जिच्या दारात बघून भांग पाडला ती कधी केली नाही. हिचं प्लॅस्टिकचं किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायचा संच, काही मला मिळालं नाही. ओळखीच्या एका मुलानं जुनी मापं आणि फोटो घेऊन संगणकावर सांगाडा काढला आणि थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापून दिला. छापलेल्या गोष्टीला थरांच्या रेघा असतात, बोटाचं नख फिरवलं की झंकारतात. त्या घालवायलाच एक महिना गेला. चारशेचा पेपर, सहाशेचा (आकडा मोठा तसा पेपर बारीक), मग करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, की पुन्हा रेघा दिसल्या, की पुन्हा पेपर.

रंग थंडीतच मारायचा, हे मुंबईच्या आसपास राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात लॅकर मारला की द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि काळा रंग ताकासारखा पांढुरका होतो. मी जानेवारीची कोरडी हवा धरली. आधी टप. पिवळा हा दुबळा रंग आहे, खालचं काही लपवत नाही, म्हणून त्याच्याखाली पांढरा द्यावा लागतो. आधी पिवळं, मग ते टेपनं झाकून काळं, उलट कधीच नाही. काळ्यावर पिवळा मारून बघा, हिरवट आजारी रंग येतो आणि दहा हात दिले तरी त्याचा आजार जात नाही. त्यावर पारदर्शक लॅकरचे पाच हात, पहिले दोन धुक्यासारखे, पुढचे ओलसर. आणि मग सगळ्यात अवघड काम: काहीच करायचं नाही. गाडी खोक्याखाली झाकून महिनाभर ठेवायची. सुकलीय की नाही हे हातानं कळत नाही, नाकानं कळतं. खोकं उचलून नाक गाडीला लावायचं. रंगाचा वास येतोय तोवर आत द्रावक आहे, रंग अजून आक्रसतोय, आणि आत्ता घासलं तर पुढच्या महिन्यात त्याच ओरखड्यांची भुतं वर येतील. फेब्रुवारीत रोज सकाळी चहाआधी मी त्या गाडीचा वास घ्यायची. एक दिवस काहीच आला नाही.

त्या दिवशी मी ऑफिसला सुट्टी टाकली.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगते, चमक आणायची तर आधी असलेली चमक मारावी लागते. माझा हा पारदर्शक लॅकर जुन्या ड्यूकोसारखा मंद नाही, फवाऱ्यातून उतरला की लांबून चकचकीतच दिसतो. पण ट्यूबलाइटखाली धरा, ट्यूबचं प्रतिबिंब थरथरतं, कडा विरघळतात, संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असतात म्हणून. खऱ्या गाडीवरही ती साल असते आणि तिथं कुणाला खटकत नाही. पण छोट्या गाडीवर तोच खळगा चोवीसपट होतो. रंगाचा थर समजा एक दशांश मिलिमीटर झाला, तर खऱ्या गाडीच्या मानानं तो जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड. एवढं लिंपण कुठल्या गाडीवर असतं? म्हणून ती साल काढायची. दोन हजारचा पेपर पाण्यात अर्धा तास भिजवायचा, पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि बोटाचा भार न देता, नुसतं कागदाचं वजन सरकवायचं. पाणी दुधाळ होतं. पुसून बघितलं की काळी गाडी राखेच्या रंगाची झालेली असते, पाटीसारखी. वीस वर्षांत कितीतरी गाड्या झाल्या तरी त्या राखेकडे बघून प्रत्येक वेळी पोटात खड्डा पडतो. आपण बिघडवली असंच वाटतं.

मग कापडावरचे पेपर, ३२०० पासून १२००० पर्यंत. हे कापड मुळात विमानांच्या ॲक्रिलिक खिडक्यांवरचे ओरखडे काढायला निघालं होतं. आठ हजारला हात पोचतो तेव्हा राखेच्या आत कुठंतरी काळं हलायला लागतं, विहिरीच्या तळाचं पाणी दिसावं तसं. बाराशे रुपयांची छोटी ट्यूब, तिच्यातलं पांढरं कंपाउंड, म्हणजे घासून चमक काढायचा लेप, लुगड्याचा तुकडा तर्जनीवर ताणून. सरळ रेघांत, पुढं-मागं, गोल कधीच नाही. थांबायचं, बोटानं तपासायचं की पत्रा, म्हणजे रेझिन, गरम तर होत नाही ना. गरम झाला तर लॅकर मऊ पडतो आणि कंपाउंड त्यात रुतून बसतं. प्रकाशाच्या लाटेची लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ओरखडे त्याच्याहून उथळ झाले की डोळ्याला दिसायचे थांबतात. ते नाहीसे होत नाहीत, दिसायचे थांबतात. आणि मग एका क्षणी, अगदी एका क्षणी, खिडकीची चौकट बॉनेटवर उभी राहते, तिच्या गजांसकट, गजांवर बसलेल्या चिमणीसकट. त्या क्षणी मी नेहमी श्वास धरलेला असतो हे नंतर लक्षात येतं.

कडांचं दुःख वेगळं. रंग कडेवरून ओघळून पातळ होतो आणि कागद कडेवरच जास्त चावतो. पद्मिनीच्या मागच्या चाकाच्या वर शेपटीसारखी जी बारीक धार आहे, तिथं डाव्या बाजूला मी शेवटच्या दिवशी रंग फोडला. आधी पाण्यात काळपट कण आला. मी म्हटलं टेबलावरचा असेल. मग धारेवर तांदळाच्या कण्यापेक्षा लहान करडा ठिपका. प्रायमर. कपड्यातून कोपर दिसावं तसा. घासलेलं परत लावता येत नाही. ब्रशनं थेंब ठेवून, महिनाभर वाळवून, पुन्हा तेवढाच घासून मी तो बुजवला, आणि अजूनही गाडी हातात घेतली की माझा अंगठा आधी तिथं जातो. गल्लीतली ती पोरं कडांना टेप लावून घासायची आणि टेप काढून शेवटचे चार हात नुसत्या बोटानं द्यायची. मी ते लहानपणी पाहिलं होतं. तरी फोडला.

शेवटी मेण. कार्नोबाचं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर जमणारं. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, हे ८० च्या पुढं जातं, त्यामुळं उन्हातल्या पत्र्यावरही तग धरतं. पुष्कळांना वाटतं मेणानं चमक येते. चमक आलेलीच असते. मेण उरलेल्या सूक्ष्म चरांत बसतं, बोटांचा चिकटा लांब ठेवतं, आणि काळ्याला एक ओलावा देतं, नुकताच पाऊस पडून गेल्यासारखा. माझा डबा करंगळीएवढ्या उंचीचा, जपानी, त्याला जवळजवळ वासच नाही. झाकण उघडताना दर वेळी मी वासाची वाट बघते.

इतकं सगळं झालेली गाडी मी भांडुपला नेली होती. ट्यूबलाइट तिच्यात सुतासारखी सरळ दिसत होती. आणि मामांनी तिच्यावर खांद्यावरचं फडकं फिरवलं, ज्यानं त्यांनी सकाळी खिडकीची धूळ पुसली असणार. धुळीत वाळू असते आणि वाळू लॅकरपेक्षा कठीण असते, एवढं साधं ते शास्त्र. पण मी ओरडले ते शास्त्रासाठी नव्हे. माझ्या चार महिन्यांना कुणीतरी हात लावला म्हणून ओरडले. ज्याच्यासाठी केली त्यालाच हात लावू देणार नव्हते, तर मी ती नेली कशाला? दाखवायला? काय दाखवायला, त्यांची गाडी की माझा हात? लोकलमध्ये हेच येत राहिलं आणि त्याचं उत्तर मला आवडणारं नव्हतं. मामांची गाडी आयुष्यात कधी इतकी चमकली नव्हती, हेही तेव्हाच मनात आलं. तिला दर पहाटे कोरडं फडकं लागायचं. तिच्या दारांच्या मुठीजवळ हजारो हातांनी रंग झिजून खालचा पत्रा गुळगुळीत झाला होता. माझी गाडी कधी परळ नाक्यावर उभीच राहिली नाही.

रात्री घरी टेबलाचा दिवा लावून बॉनेट पाहिलं. ओरखडे होते. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल जाळं, कोळ्यानं विणल्यासारखं. गंमत अशी की मामांचा हात गोल फिरला नव्हता, आडवा-तिडवा गेला होता, मी पाहिलं होतं. ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याला आडवे येतात तेवढेच लकाकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. दिवा हलवला की जाळंही हलतं. मी दिवा हलवून बघितला. आणि गॅलरीचा कठडा आठवला, थंड, हनुवटीला लागणारा. रस्त्याच्या दिव्याभोवती मामांच्या बॉनेटवर हेच जाळं असायचं. मला ते तेव्हा दिव्याचे किरण वाटायचे. चित्रात काढायची मी ते, पिवळ्या खडूनं.

कंपाउंडची ट्यूब समोरच होती. दहा मिनिटांचं काम. मी दिवा मालवला आणि झोपले.

पुढच्या रविवारी पुन्हा भांडुपला गेले. गाडी, मेणाचा छोटा डबा आणि लुगड्याचा तुकडा. मामींच्याच जुन्या लुगड्याचा तो, आईकडून माझ्याकडं आलेला. काय बोलायचं ते ट्रेनमध्ये ठरवलं होतं, पण दारात सगळं विसरले आणि डबाच त्यांच्या हातात दिला. "मामा, पॉलिश राहिलंय. तुम्ही करा." त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, मग डब्याकडं. झाकण उघडून नाकाला लावलं. "वास न्हाई ह्याला," म्हणाले. करंगळीवर मेण घेऊन टपापासून सुरुवात केली, मग काळ्यावर आले, आणि काळ्यावर त्यांचा हात सावकाश झाला, तसाच. बोट थरथरत होतं पण वर्तुळं थरथरत नव्हती. मेण पांढुरकं होईपर्यंत आम्ही दोघं काही न बोलता बसलो. त्यांनी बॉनेटवर तोंडाची वाफ सोडली, लुगड्यानं पुसलं. मग हात पुन्हा काचेच्या डाव्या अंगाला गेला, अंगठा आणि तर्जनी, आणि पुन्हा तसंच काही चाचपलं. या वेळी मी विचारलं.

"मीटर कुठंय?" मामा म्हणाले. "गाडीला मीटर न्हाई तुज्या."

बॉनेटच्या डाव्या कडेला, बाहेर, लोखंडी मीटर. उतारूला बसवून मामा आडवे होऊन डाव्या खिडकीतून हात बाहेर काढायचे आणि मीटर सुरू करायला त्याचा झेंडा खाली पाडायचे. त्याचा तो खटका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा. चार महिने मी फोटो पाहिले, धारेचा तांदळाएवढा ठिपका पाहिला, आणि मीटर विसरले. मामींनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून दिलं. मामांनी पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलनं तो काढला. छोटा नाही, खऱ्या मापाचा. हाताच्या वितीनं मोजून, झेंड्याचा दांडा किती, खालचा रॉड कुठून वळतो, मागचा बोल्ट कुठं. बोल्टवर बाण काढून म्हणाले, "हा ढिला असायचा कायम. हितं जरा गंज दाखव."

पान गुंडाळून मी खोक्यात ठेवलं. सोमवारी पट्टी घेऊन बसले. चोवीसनं भागलं तर झेंड्याचा दांडा पाच मिलिमीटरही भरत नाही. तो पितळी तारेचा करावा लागेल.